विठाबाईंना आपल्या मंचावर जागा आहे की नाही?



२०२५ च्या अखेरीस बातमी आली की तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट होतो आहे. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, विठाबाईंच्या भूमिकेत श्रद्धा कपूर, चित्रपटाचे नाव 'ईठा'. वाशीम, रिसोड, कारंजा, जिथे जिथे आपल्या पोरांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत तिथे तिथे ही बातमी फिरली. अंगठे आले, टाळ्या आल्या, निळी हृदये आली. 'आपली विठाबाई हिंदीत' असेही कुणी कुणी लिहिले.

त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्या जिल्ह्यातल्या एका गावात जयंतीची बैठक झाली. अभ्यासिकेतल्या मुलामुलींनी स्त्रियांच्या इतिहासावर फलक-प्रदर्शन मांडायचे ठरवले होते. सावित्रीमाई, फातिमाबी शेख, मुक्ता साळवे, रमाई, शांताबाई दाणी, आणि शेवटी दोन फलक पवळाबाई हिवरगावकर आणि विठाबाई नारायणगावकर यांचे. पहिल्या फलकांना सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटचे दोन बघितल्यावर एक जाणते कार्यकर्ते उठले. म्हणाले, "पोरंहो, नाचणाऱ्या बाईचा फोटो बाबासायबाच्या फोटोजवळ लावता काय?" दुसरे म्हणाले, "पवळेच्या पैशाले बाबासायबानं हात नाही लावला, अन् तुम्ही तिले भिंतीवर चढवता!" तिसऱ्याने हळूच, शेजाऱ्याच्या कानात म्हणावे तसे पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "ते विठाबाई तं आपल्यातली बी नाही."

दोन्ही फलक उतरले. मोबाईलवर चालणारी विठाबाई भिंतीवर चालली नाही. हा प्रश्न एका गावापुरता असता तर आम्ही लिहिले नसते. मंगरुळपीरपासून मालेगावपर्यंत, मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत कुठेही असे दोन फलक घेऊन जा, हेच तीन आक्षेप याच क्रमाने ऐकायला मिळतील. म्हणून तिन्हींचा हिशेब एकदा जाहीरपणे झाला पाहिजे.

आधी ही बाई कोण होती ते बघू. तिच्याविषयी बोलणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना एकच प्रसंग माहीत असतो.

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ चा, पंढरपूरचा. घर मांगाचे. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला, वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो वाढवला आणि 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हे नाव गावोगावच्या जत्रांत गाजले. फडाच्या नावात जात लिहिलेली आहे, हे लक्षात ठेवा. जात लपवून हा फड मोठा झालेला नाही. पोर शाळेत फार रमली नाही. ढोलकीच्या तालावर वाढली. मामा वरेरकरांच्या कलापथकात तिने काम केले आणि मग वडिलांच्या फडात उभी राहिली ती आयुष्यभरासाठी. तिला नुसती 'नाचणारी' म्हणणाऱ्याने ढोलकी फडाचा तमाशा कधी बघितलेला नसतो. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि मग पहाटेपर्यंत चालणारा वग. त्या वगात नायिका म्हणजे गाणे, नाच, संवाद आणि हजरजबाब असे सगळे एकाच बाईच्या अंगावर असते. समोर चार-पाच हजार माणूस, त्यात अर्धे दारू प्यालेले. ध्वनिक्षेपक बिघडला तर उघड्या गळ्याने शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे. एखाद्याने शिटी मारून वंगाळ शब्द टाकला तर त्याच तालात त्याला उत्तर द्यायचे आणि वग पुढे न्यायचा. पुण्यामुंबईच्या नाट्यगृहात एवढे काम चार जणांत वाटून दिले जाते आणि चौघांनाही वेगवेगळी पारितोषिके मिळतात.

१९५७ आणि १९९० असे दोनदा तिला राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला. स्वतःच्या नावाचा फड तिने चालवला. फड चालवणे म्हणजे काय, हे ज्याला कळते त्याला 'मालकीण' हा शब्द किती जड आहे ते कळेल. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येतात आणि जत्रेची सुपारी ठरते. सुपारी घ्यायची, कलावंतांना उचल द्यायची, ट्रक-तंबूचा खर्च उचलायचा आणि पाऊस आला, राडा झाला किंवा गावाने ठरलेले पैसे दिले नाहीत तर तोटा आपल्या पदरात घ्यायचा. सावकाराचे व्याज हा प्रत्येक फडाचा न दिसणारा भागीदार असतो. १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल भागवायला लोकांच्या मदतीची वाट पाहावी लागली. चार वर्षांनी, २००६ पासून, महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंत असताना औषधाला पैसे नाहीत आणि मेल्यावर नावाचा पुरस्कार, ही या राज्याची जुनी रीत आहे.

आता तो सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग. नऊ महिने भरलेल्या विठाबाई बोर्डावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. समोरच्या लोकांना पोट दिसेना, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, आणि लोकांनीच हात जोडून खेळ थांबवला. हा प्रसंग सांगताना सांगणाऱ्याचा आवाज दाटून येतो. 'काय ती निष्ठा! कलेवरचे काय ते प्रेम!'

आम्ही विचारतो, कशाची निष्ठा? भरल्या दिवसांची बाई बोर्डावर का उभी होती? ती उभी राहिली नसती तर सुपारी बुडाली असती, सुपारी बुडाली असती तर फडातल्या सगळ्यांची चूल विझली असती. आमच्या जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीला पोटूशी बाई शेवटच्या आठवड्यापर्यंत वावरात वाकलेली असते, तिला कुणी 'मातीवरची निष्ठा' म्हणत नाही. तिला मजुरी लागते म्हणून ती वाकते. विठाबाईंनाही मजुरी लागत होती.

आणि इथेच आंबेडकरी माणसाने उठून उभे राहायला हवे होते. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या भरपगारी रजेचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिचा भार मालकाने आणि सरकारने उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. तो कारखान्यातल्या बाईपुरता होता. तमाशाचा फड कारखाना नव्हता, म्हणून त्या दगडापाशी कुठलाच कायदा पोचला नाही. विठाबाईंच्या बाळंतपणाची गोष्ट सांगायचीच असेल तर १९२८ च्या त्या भाषणाला जोडून सांगा. मग ती चमत्काराची पोथी राहणार नाही, कामगार बाईची कैफियत होईल. हिंदी सिनेमावाले ती कशी दाखवतात ते पडद्यावर दिसेलच. व्हायोलिन वाजवून दाखवतील, अशी आम्हाला धास्ती आहे. पण त्यांच्याकडे १९२८ नाही. आपल्याकडे आहे, आणि तरीही आपण फलक उतरवतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो बाबासाहेबांच्या नावाने घेतला जातो.

पवळाबाई हिवरगावकर. जन्म १८७०, मृत्यू १९३९. संगमनेर तालुक्यातले हिवरगाव, महाराच्या घरची लेक, खंडोबाला मुरळी म्हणून वाहिलेली. पुढे तमाशात आली आणि ब्राह्मण शाहीर पठ्ठे बापूराव यांच्या फडात तिने मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत लोकांना वेड लावले. तमाशात तोवर बाईची सोंगे नाच्या पोर घेत असे. शिष्ट म्हणवणाऱ्या संगीत रंगभूमीवरही स्त्रीभूमिका पुरुषच करत होते. 'आंधळ्यांची शाळा'मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या म्हणून १९३३ साल मराठी रंगभूमीच्या इतिहासात मैलाचा दगड मानले जाते. त्याच्या कितीतरी आधी एक महारीण हजारोंपुढे उभी राहून नायिका रंगवत होती. पण तिचे नाव 'रंगभूमी'च्या प्रकरणात येत नाही, ते 'लोककले'च्या प्रकरणात येते, तेही पठ्ठे बापूरावांच्या परिच्छेदात. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाच्या माणसाने कुलकर्णीपण सोडले, जातीचा रोष पत्करला, याचे कौतुक शंभर वर्षे चालू आहे. त्यात खोटे काही नाही, त्यांनी सोडले. पण पवळेने काय सोडावे? तिच्याजवळ सोडण्यासारखे काय होते?

तर महाड सत्याग्रहाच्या काळातली गोष्ट आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ती अशी. पठ्ठे बापूराव बाबासाहेबांना भेटायला आले आणि काही खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले. बाबासाहेबांनी ते नाकारले. आमच्या समाजाच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असा त्यांच्या नकाराचा आशय सांगितला जातो.

आता शांत डोक्याने बघा. पैसे द्यायला कोण आले होते? फडाचा मालक. कुणाच्या कष्टाचे पैसे होते? पवळेसारख्या बायकांच्या. नकार कुणाला मिळाला? मालकाला. मग गेली शंभर वर्षे त्या नकाराची शिक्षा पवळा का भोगते आहे? बाबासाहेबांनी त्या पैशामागची व्यवस्था ओळखली. महाराच्या पोरी नाचतील, वरच्या जातीचे लोक बघतील, पैसा तिसऱ्याच्या हातात जाईल आणि मग तो दान म्हणून महारांच्याच चळवळीला परत येईल, हे चक्र त्यांनी तोडले. आपण मात्र त्या गोष्टीतून एवढेच उचलले की 'पवळा वाईट'. हा अर्थ काढायला आंबेडकरी असावे लागत नाही. कुठलाही सनातनी हाच अर्थ काढेल.

ज्यांना अजून पटत नाही त्यांनी दीघनिकायातले महापरिनिब्बाण सुत्त काढून वाचावे. वैशालीची गणिका अंबपाली तथागतांकडे आली, तिने भिक्खुसंघासह भोजनाचे निमंत्रण दिले आणि तथागतांनी ते स्वीकारले. मागून लिच्छवी राजपुत्र रथांतून आले. ते भोजन आम्हाला दे, आम्ही लाख मोजतो, असे त्यांनी तिला म्हटले. तिने नकार दिला. ते तथागतांकडे गेले. तथागतांनी सांगितले, अंबपालीला शब्द दिला आहे. दुसऱ्या दिवशी भोजन झाले आणि अंबपालीने आपले आम्रवन संघाला दिले. संघाने ते घेतले. पुढे ती भिक्खुणी झाली आणि थेरीगाथेत तिच्या गाथा आहेत.

तथागतांनी गणिकेचे दान घेतले, बाबासाहेबांनी तमाशाचे पैसे नाकारले. यात विसंगती आहे का? आमच्या मते नाही. अंबपालीने स्वतःचे, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने दिले. बापूराव दुसरीचे देत होते. जिचे आहे तिने द्यावे आणि जिने दिले तिचा मान राहावा, हे दोन्हीकडे एकच सूत्र आहे. उद्या पवळा एकटी, आपल्या कमाईची पुरचुंडी घेऊन बाबासाहेबांपुढे उभी राहिली असती तर काय झाले असते, हे आम्ही सांगू शकत नाही. पण तिला कुणी दारातून हाकलले असते असे ज्याला वाटते, त्याने बाबासाहेब वाचलेले नाहीत.

इथे कुणीतरी १९३६ काढणार, हे आम्हाला माहीत आहे. काढावेच. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायकांच्या सभेत बाबासाहेब बोलले. शब्द कठोर होते. हे जिणे सोडा, आमच्याबरोबर यायचे असेल तर हे सोडून या, असे त्यांनी बजावले. ते भाषण गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. पण त्या भाषणातला आपल्या सोयीचा अर्धा भागच आपण पाठ केला आहे. मुंबईतले सगळे सभ्य पुढारी ज्या बायकांच्या सावलीपासून दूर पळत होते, त्यांची सभा घेऊन हा माणूस तासभर उभा राहिला. त्यांच्याशी बोलला, त्यांच्याविषयी आपापसांत कुजबुजला नाही. महिनाही झाला नव्हता, मे अखेरीस मुंबईच्या महार परिषदेत त्याने धर्मांतराचा मार्ग सांगितला होता. त्या मार्गावर या बायकांनाही चालायचे आहे, असे धरूनच तो बोलत होता. सोडा म्हणणाऱ्याने सोडून येणारीला जागा दिली पाहिजे, ही त्या भाषणाची दुसरी बाजू आहे आणि ती आपल्यावरची जबाबदारी आहे. त्या बाईने सोडले तर तिच्या पोटाला काय, तिच्या पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव काय, तिच्याशी संसार कोण मांडणार, याची उत्तरे पुरुषांनी द्यायची होती. पुरुषांनी बरीचशी दिली नाहीत. तिला मात्र अजून विचारतात, सोडलेस का?

या सगळ्याचा अभ्यास आपल्या माणसांनी केलेला आहे. शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्येच लावणी कलावंत स्त्रियांवर लिहिताना दाखवले की जातीने या बायकांचे श्रम आणि शरीर दोन्ही कसे वापरले. येरवड्यात वाढलेल्या शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात पवळाबाईंपासून आजच्या तमाशातल्या स्त्रियांपर्यंतचा इतिहास मांडला; २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाच्या पोस्ट टाकल्या. फेलोशिप मिरवली, ग्रंथात काय आहे ते विचारले नाही. योगिराज बागूल यांनी विठाबाईंच्या आयुष्यावर मराठीत अख्खे पुस्तक लिहिले आहे, ते तरी अभ्यासिकेच्या कपाटात असायला हरकत नाही.

आंबेडकरी जलशांचाही मुद्दा येतो. भीमराव कर्डक आणि त्यांच्या बरोबरीच्या शाहिरांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातली शृंगारिक लावणी काढली, गणातला देव काढला आणि विचार भरला. मोठे काम होते, त्याच्या जोरावर खेडोपाडी चळवळ पोचली. पण त्या जलशांत बाईची कामे पुरुषच करत. लावणीबरोबर लावणी म्हणणारी बाईही बाहेर राहिली. आपण मेलेली ढोरे ओढणे सोडले, येसकरकी सोडली, योग्यच केले. घाण काम टाकले. पण जे काम आपण टाकले ते अजून ज्याच्या गळ्यात आहे त्याच्याकडे आपण कसे बघतो, यावर आपली परीक्षा होते.

यातूनच तिसरा आक्षेप येतो, कानात म्हटलेला. 'ती आपल्यातली नाही.' म्हणजे मांगाची. म्हणजे बौद्ध झाली नाही.

मित्रहो, हे वाक्य उच्चारणाऱ्याने भिंतीवरचा मुक्ता साळवेचा फलक का उतरवला नाही? चौदा वर्षांची मांगाची पोर, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. तिने 'मांगमहारांच्या' असे एका दमात लिहिले. आपण ते दोन तोंडांनी वाचतो. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल दिला तेव्हापासून तर फोनवर रोज लढाई पेटलेली असते. त्या निकालावर आपले म्हणणे काय असावे हा वेगळा, मोठा विषय आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहू. पण एक गोष्ट आताच सांगतो. वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात बौद्धवाडा आणि मातंगवस्ती यांच्यात जेवढे अंतर आहे, त्याहून जास्त अंतर त्या दोन्हींचे गावाच्या चावडीपासून आहे. विठाबाईंना मांग म्हणून बाहेर ठेवाल तर मातंगवस्तीतला पोरगा आपल्या जयंतीला कशासाठी येईल? डीजेसाठी? तो त्याला बसस्टँडवरही ऐकू येतो.

आता बाहेरच्यांचा हिशेब. आपल्या माणसांना एवढे बोललो, त्यांना सोडून कसे चालेल!

महाराष्ट्राला तमाशा फार आवडतो. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. १९७२ च्या 'पिंजरा'ची गाणी अजून लग्नात वाजतात. 'पिंजरा'ची गोष्ट काय? आदर्श मास्तर तमाशातल्या बाईपायी धुळीला मिळतो. म्हणजे बिघडवणारी ती, बिघडलेला तो बिचारा. गावचा पाटील, सावकार, रात्री राहुटीत शिरणारे प्रतिष्ठित पाहुणे यांनी या बायकांचे काय केले, यावर १३१ आठवडे चाललेला चित्रपट आम्हाला माहीत नाही. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर अश्लीलतेचा ठपका ठेवून बंदी घातली, मग सुधारणेसाठी दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवली. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी ढोलकीला हात लावला नाही, त्यांनी ढोलकीची शुद्धी ठरवली. लावणी धुऊन पुसून दिवाणखान्यात आली, सुलोचनाबाई चव्हाणांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या गळ्याबद्दल आमचे काहीही म्हणणे नाही, गळा अस्सलच होता. प्रश्न एवढाच की डोक्यावर पदर घेऊन, जागेवर उभे राहून म्हटलेली लावणी सन्मानाची ठरली आणि चाळ बांधून म्हटलेली तीच लावणी बदनाम राहिली. ही रेषा कोणी ओढली, हे आंबेडकरी तरुणाला सांगावे लागू नये.

आम्ही वाशीमचे लोक आपले शहर वाकाटकांचे वत्सगुल्म म्हणून मिरवतो. इथल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची लेणी कोरली गेली, त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे दिले, हे प्रत्येक भाषणात येते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. त्यात मधोमध एक नर्तकी आहे, आजूबाजूला बासरी आणि वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. बौद्ध विहाराच्या भिंतीवर दीड हजार वर्षे ती नाचते आहे. सहलीला गेलेले आपले कार्यकर्ते तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. तिच्या विहारात असण्याने धम्म बाटला, असे कुणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ती मेली आहे, तिची जात माहीत नाही, म्हणून ती चालते.

आणि ज्या जिवंत आहेत त्यांचे काय?

आपल्या जिल्ह्यात ढोलकी फड क्वचितच येतात. इकडे चालते ती गायन पार्टी. बुद्ध-भीमगीतांचा दुय्यम सामना, एका बाजूला शाहीर, दुसऱ्या बाजूला गायिका. चौदा एप्रिलपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत गावोगाव बॅनर लागतात. त्या बॅनरवर वर बाबासाहेब, खाली सरपंचापासून सगळे इच्छुक उमेदवार आणि मध्ये गायिकेचा मोठा रंगीत फोटो असतो. म्हणजे गर्दी खेचायला बाईचा फोटो बाबासाहेबांशेजारी चालतो. इतिहास म्हणून तिच्या आजीचा फोटो चालत नाही. सामना रंगवायच्या नावाखाली शाहिराने तिच्यावर टोमणे मारायचे, ते रात्र चढेल तसे घसरत जायचे आणि पुढच्या रांगेने नोटा नाचवायच्या, हे आम्ही एकदा नाही, अनेकदा बघितले आहे. धम्माच्या मंचावर हे चालते आणि विठाबाईच्या फलकाने मात्र पावित्र्य बिघडते!

त्या गायिकेचे दिवस कसे जातात, हे कधी विचारले? दुपारी एसटीने किंवा भाड्याच्या गाडीने यायचे. कपडे बदलायला खोली नाही, मंचामागे साडीचा आडोसा. संडासासाठी कुणाच्या तरी घरी विनवणी. जेवण कार्यक्रमानंतर, उरले तर. ठरलेल्या पैशातले अर्धे रात्री मिळतात आणि अर्ध्यांसाठी महिनाभर फोन. फोन उचलला तर 'ताई, वर्गणीच जमली नाही.' याच समितीने डीजेवाल्याला आगाऊ रोख मोजलेली असते, कारण तो आगाऊ घेतल्याशिवाय गाडी हलवत नाही. ती गाडी नसलेली बाई आहे, तिच्याकडे आवाजाशिवाय काही नाही. कडूबाई खरातांची एकतारी मोबाईलवर वाजली की आपल्या डोळ्यांत पाणी येते. तसाच आवाज आपल्या तालुक्यात आहे, तिचे मागच्या वर्षीचे पैसे बाकी आहेत.

म्हणून आमचे म्हणणे आहे की येत्या एप्रिलच्या बैठकीत जमाखर्चाची वही सगळ्यांसमोर उघडावी. डीजेचा आकडा आणि गायन पार्टीचा आकडा शेजारी शेजारी लिहावा. ठरलेली बिदागी कार्यक्रमाआधी पूर्ण, आणि पार्टीच्या मालकाच्या नव्हे तर गायिकेच्या स्वतःच्या हातात किंवा खात्यात जावी. समाजमंदिराची एक खोली आतून कडी लागणारी, दिवा आणि पाणी असलेली, तिच्यासाठी मोकळी ठेवावी. सामन्यात बाईवर घाण टोमणा आला तर माईक बंद करण्याचा अधिकार एका कार्यकर्त्या ताईकडे द्यावा, त्यांचे नाव मंचावरून आधीच जाहीर करावे. ज्यांची मागची बाकी आहे त्यांची नावे काढून ती चौदा एप्रिलच्या आत चुकती करावी. आणि उतरवलेले दोन्ही फलक आमच्याकडे जपून ठेवले आहेत, चार बाय तीन फुटांचे, फ्लेक्सवर छापलेले. जिल्ह्यातल्या ज्या गावाला लावायचे असतील त्यांनी कळवावे, आणून देऊ. मातंगवस्तीतून मागणी आली तर आधी तिथे देऊ.